चार नंबरची डावी धार

गेल्या मे महिन्यात कोल्हापूरला एका लग्नाला गेलो होतो. मांडवात थोरल्या साडूंनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे साडू. दुबईत धार लावतात."

समोरच्या गृहस्थांनी मला खालून वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं ते मला स्पष्ट दिसलं. खांद्यावर धारेचं चाक घेऊन मी चाळीस मजली इमारतीखाली उभा आहे, "चाकू, कात्री, विळीऽऽ" अशी आरोळी ठोकतोय, आणि पंचविसाव्या मजल्यावरून कुणीतरी दोरीला बांधून विळी खाली सोडतंय.

"विळ्या असतात होय तिकडं?" त्यांनी विचारलं.

"विळ्या नव्हे, मी बुटांना धार लावतो," मी म्हणालो आणि प्रकरण आणखीच बिघडवून ठेवलं. जेवणाच्या पंगतीत ते माझ्यापासून चार पानं लांब बसले.

तेव्हा ठरवलं, एकदा हे नीट लिहून टाकायचं.

तर, मी आइस हॉकीच्या टीमचा इक्विपमेंटवाला. म्हणजे बर्फावर जी हॉकी खेळतात तिच्या खेळाडूंचे स्केट्स, हेल्मेट, काठ्या, मोजे हे सगळं माझ्या ताब्यात. बाहेर सेहेचाळीस डिग्री, आत पाच. जून महिन्यात शारजाच्या अल नहदातून हातात स्वेटर घेऊन कामाला निघणारा मी एकटाच. लिफ्टमध्ये शेजारी अजून विचारतात, "सर, फीवर है क्या?"

या सगळ्यात माझं खरं काम स्केटला धार लावायचं. लोकांना वाटतं, स्केटचं पातं सुरीसारखं असतं. नसतं. ते चार मिलिमीटरभर जाड असतं आणि त्याच्या तळाला मधोमध एक बारीक पन्हळ कोरायची असते. पन्हळीच्या दोन्ही बाजूंना ज्या दोन कडा उरतात, तीच धार. एक आतली कडा, एक बाहेरची. खेळाडू डावीकडे वळला की एका पायाची एक कडा बर्फात रुतते, उजवीकडे वळला की दुसरी. शंभर किलोचा माणूस स्कूटरच्या वेगाने येतो आणि ब्लेडच्या पात्याएवढ्या कडेवर उभा राहून गर्रकन वळतो. ती कडा मी केलेली असते. ती धरली तर नाव खेळाडूचं. सुटली तर माझं.

दोन्ही कडा सारख्या उंचीच्या पाहिजेत, हा या धंद्याचा पहिला नियम. तपासायचं कसं? बूट उलटा धरायचा, पात्यावर एक छोटी पट्टी आडवी ठेवायची. पट्टी तिरकी दिसली की काम बिघडलं.

सरळ, समान, काटकोनात: हे शब्द ऐकले की मला अजूनही बरं वाटतं. माझी घडण कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. तिथल्या एका टूलरूममध्ये मी ग्राइंडर, म्हणजे लोखंड घासून मापात आणणारा, म्हणून लागलो, आणि पुढे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कारखान्यात तेच काम केलं. चोवीस वर्षं. आमचे मिस्त्री म्हणायचे, मशीनवर कंपनीने आखलेली रेघ आहे ना, मग ती वाचायची. जो स्वतःच्या खुणा करतो त्याचा हात आळशी. हे वाक्य मी मनावर गोंदवून घेतलं होतं. त्याने मला चोवीस वर्षं जगवलं आणि एका शनिवारी जवळजवळ घालवलं.

कारखाना मालकाने विकला तेव्हा मी सेहेचाळीसचा होतो. आमच्याकडे एक फिलिपिनो गृहस्थ मशीनचा शाफ्ट दुरुस्त करून घ्यायला यायचा. सगळे त्याला कुया म्हणायचे. त्यांच्या भाषेत थोरला भाऊ. त्याने विचारलं, "बर्फावर काम करशील? मला एकट्याला उरकत नाही." मी म्हणालो, मी तर फ्रीजसुद्धा बायकोला विचारून उघडतो. पण गेलो. सहा महिन्यांचं प्रोबेशन, आणि त्यावर टांगलेला सगळ्यांचा व्हिसा. मुलगी सई तेव्हा दहावीत होती.

कुयाने मला महिनाभरात सगळं शिकवलं. गोलकीपरची धार वेगळी, लहान मुलांची वेगळी. गिऱ्हाइकंही शिकवली. एक इमाराती आजोबा नातीचे स्केट्स अत्तर लावलेल्या पेटीतून आणायचे आणि धार होईपर्यंत थर्मासमधून मला कहवा पाजायचे. एक गुजराती काकू स्केट्सच्या पिशवीतून हळूच मिक्सरची पाती काढायच्या. "भाई, साथ में ये भी." कुया हसत तीही लावून द्यायचा. चाळीस दिरहॅम एका जोडाचे, म्हणजे आपले नऊशेच्या वर, मिक्सर फुकट.

फक्त एक जोड त्याने मला कधी हात लावू दिला नाही. चार नंबरचा.

"हा मी करतो," तो म्हणायचा. "जुनं गिऱ्हाईक."

मला वाटलं, म्हाताऱ्याची हौस. आपल्याकडे नाही का, घरातला थोरला माणूस सगळी कामं वाटून देतो, पण श्रीखंड स्वतःच घोटतो.

चार नंबर म्हणजे मारेक. स्लोव्हाकियाचा. वय सदतीस, दाढीत पांढरे केस, समोरचे दोन दात नकली. पोट भरण्यासाठी हॉकी खेळणारे जे चार-पाच जण आमच्या टीममध्ये होते त्यातला सगळ्यांत जुना. बाकीचे हौशी: कुणी पायलट, कुणी बँकेत, कुणी डेंटिस्ट. मारेकला मात्र दुसरं काही येत नव्हतं. हे त्याचं स्वतःचं म्हणणं. आमच्या दोघांचं इंग्रजी सारखंच जखमी असल्यामुळे आम्हाला एकमेकांचं छान समजायचं.

मारेक डिफेन्समन. त्याचं काम गोल करणं नव्हे, होऊ न देणं. समोरून विरुद्ध टीमचा माणूस काठीने रबराची चकती ढकलत सुसाट येतो, आणि हा त्याच्याकडे तोंड करून तितक्याच वेगाने उलटा, पाठमोरा सरकत जातो. उलटा! मागे न बघता! आणि तो माणूस ज्या क्षणी बगल देईल त्या क्षणी याला वळून त्याच्या आडवं यावं लागतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उभ्याउभ्या चहा सांडला. गोल करणाऱ्याचं नाव बोर्डावर झळकतं, भोंगा वाजतो. न झालेल्या गोलाला बोर्डावर जागा नसते. मारेक म्हणायचा, "माझं नाव लोकांना कळलं, तर समज मी चुकलो." मी म्हणायचो, "माझंही तसंच." तेव्हा ही गंमत होती.

त्या वर्षी सीझनच्या आधी चार टीमची एक स्पर्धा होती. आमचा कोच, ग्रेग नावाचा उंच कॅनेडियन माणूस, कमी बोलणारा. त्याने मारेकला सांगितलं होतं, "तुझे पाय संपले असं मला वाटतंय. ही स्पर्धा बघतो आणि मग ठरवतो." पुढच्या वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट कोचच्या ड्रॉवरमध्ये होतं. सही नसलेलं. मारेकने मला एकदाच विचारलं, "तुझ्या देशात सदतीस म्हणजे म्हातारा का रे?" मी म्हणालो, "आमच्यात सदतिसाव्या वर्षी माणसाला युवा नेता म्हणतात." तो पाच मिनिटं हसत होता.

आम्ही फायनलला पोचलो. फायनल शनिवारी दुपारी चारला. आणि गुरुवारी सकाळी कुयाला गावाहून फोन आला, आई अत्यवस्थ. दोन तासांत तो विमानतळावर होता. जाताना किल्ल्या माझ्या हातात दिल्या, मिठी मारली आणि रडत गेला. अशा वेळी कोण विचारतं, चार नंबरचं काय?

आणि शुक्रवारी खंडेनवमी.

उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला खंडेनवमी काय ते सांगायला नको. त्या दिवशी मशीनं थांबतात, रॉकेलने धुतली जातात, हळदीकुंकू, झेंडूचा हार, पेढा. दुबईत मी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. पण रिंकमध्ये, म्हणजे आमच्या बर्फाच्या बंदिस्त मैदानात, उदबत्ती लावता येत नाही. धुराची घंटा वाजली तर बर्फासकट सगळे बाहेर. म्हणून मी धारेच्या मशीनचा होल्डर, म्हणजे ज्यात स्केट घट्ट धरतात तो क्लॅम्प, पिशवीत घालून घरी आणला. हॉलमध्ये पाट मांडला. त्यावर सईचा लॅपटॉप, बायकोचं पुरणयंत्र आणि हा होल्डर.

सई मोबाइल घेऊन घिरट्या घालत होती. "बाबा, यू आर वर्शिपिंग अ क्लॅम्प! लेट मी टेक अ पिक्चर."

"काढ, काढ. पण पुसल्यावर काढ, जरा चमकू दे."

"नो, बिफोर अँड आफ्टर. इट्स फनियर."

माझी बायको वैशाली होल्डर पुसायला बसली. त्यावर एक छोटा गोल नॉब असतो, काठाने बारीक खाचा. तो फिरवला की स्केट चाकासमोर केसभर वर किंवा खाली होतो. कंपनीने त्यावर एक रेघ कोरलेली. रेघेवर ठेवलं की दोन्ही कडा समान.

"अहो, इथे हा लाल ठिपका बघा. नेलपेंट आहे."

"कुयाच्या बायकोचं सांडलं असेल."

"सांडलेलं असं गोल नसतं. कुणीतरी बेतून लावलंय. त्याला विचारा आधी."

"तो बिचारा आईपाशी असेल, त्याला नेलपेंटचं विचारू? चोवीस वर्षं टूलरूममध्ये गेली माझी. मशीनवर रंग म्हणजे घाण. पूस."

"पुसते. पण मी बोलले होते हे लक्षात ठेवा."

तिने रिमूव्हर आणून दोन बोळ्यांत ठिपका पुसला. होल्डर आरशासारखा झाला. मी हळदीकुंकू वाहिलं, नमस्कार केला. इतका समाधानी मी स्वतःच्या लग्नातसुद्धा नव्हतो.

शनिवारी सकाळी चार नंबरच्या स्केट्सना पहिल्यांदा माझा हात लागला. काय धार लावली म्हणून सांगू! डावा, उजवा, दोन्ही. पट्टी ठेवली, अगदी सपाट. डाव्या पात्याच्या कडा आधी थोड्या कमीजास्त होत्या, ते मी प्रेमाने काढून टाकलं. मनात म्हणालोसुद्धा, कुयाचा हात आता थकला.

मारेकने बूट घातले. "सरळ आहे ना?"

"एकदम सरळ," मी छाती काढून म्हणालो.

मॅच सुरू झाली. माझी जागा बाकड्यामागे, दाराशी. तिसऱ्या मिनिटाला विरुद्ध टीमचा एक चपळ गडी, नंबर नऊ, मारेकच्या अंगावर आला. मारेक उलटा सरकत होता, नऊने बगल दिली, मारेक डाव्या पायावर वळला आणि त्याचा पाय खालून निघून गेला. धाडकन! नऊ मोकळा. गोल.

कुणीही पडतं. बर्फच आहे.

अकराव्या मिनिटाला पुन्हा तेच. तोच नऊ, तीच बाजू, तोच डावा पाय. मारेक उठायच्या आधी भोंगा वाजला. शून्य-दोन. वर बसलेल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "खलास, हबीबी, घरी जा!" मारेकने वर पाहिलं नाही, स्वतःच्या पायाकडे पाहिलं. ते मला फार लागलं. उरलेल्या वेळात तो वळायलाच घाबरत होता.

तीन डावांचा खेळ असतो, मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी. आत आल्यावर कोचने सगळ्यांना काय काय सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "मारेक, तू बस. आज पुरे." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं की हे आजपुरतं नाही. मारेकने मान हलवली, बुटाची नाडी सोडली, स्केट्स काढून माझ्या पायाशी ठेवले आणि बाकाखालून आपले रोजचे बूट ओढले.

मी खाली वाकलो होतो. त्याचे रोजचे बूट माझ्या नाकासमोर. उजव्याची टाच सारखी झिजलेली. डाव्याची फक्त आतल्या बाजूने, पार तिरकी.

ग्राइंडरचा डोळा आहे, झीज वाचणं त्याचं पोट. माणूस डावं पाऊल आत कलवून चालतो. म्हणजे बर्फावरही आत कलतो. म्हणजे सरळ धारेवर तो सरळ उभाच राहू शकत नाही. त्याला आतली कडा केसभर उंच पाहिजे. म्हणजे ते "कमीजास्त" कुयाचा थकलेला हात नव्हता. म्हणजे तो ठिपका...

सांडलेलं असं गोल नसतं.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं, हे मला त्याच सेकंदाला कळलं. पट्टी ठेवून बघा, धार बिनचूक आहे. माझं प्रोबेशन, सईची शाळा, सगळं जागच्या जागी. फक्त मारेक उरलेला जन्म समजत राहिला असता की आपले पाय संपले.

"कोच," मी म्हणालो. आवाज कुठून तरी भलतीकडूनच आला. "चूक त्याची नाही, माझी आहे. त्याच्या डाव्या पायाची धार मी बिघडवली. म्हणजे सरळ केली. ती वाकडी पाहिजे."

डेंटिस्ट म्हणाला, "वाकडी?"

कोचने माझ्याकडे पाहिलं. "दुरुस्त करता येते?"

"येते."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"आठ आहेत. मॅचनंतर तू मला भेट."

मी स्केट उचलून पळालो. माझी धाराखोली तीस पावलांवर. मी ती दहा पावलांत गाठली असेन. होल्डर हातात घेतला. चकचकीत! लाल रंगाचा कणसुद्धा नाही. वैशालीचं काम नेहमीच चोख. कुयाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ठिपका रेघेच्या कुठल्या बाजूला होता? किती लांब? केसभराचा मामला, अंदाज चालणार नाही.

आणि मग आठवलं. बिफोर अँड आफ्टर.

मी घरी फोन लावला. "सई! तो फोटो! क्लॅम्पचा!"

"विच वन, बाबा? आय टुक लाइक ट्वेंटी."

"पुसायच्या आधीचा! लाल ठिपक्याचा!"

"ओह, द नेल पॉलिश वन. वेट... मम्मा, बाबा वॉन्ट्स द क्लॅम्प फोटो."

मागून आवाज आला, "मी बोलले होते!"

"तिला सांग, जन्मभर बोल, पण आत्ता फोटो पाठव! यल्ला!"

"सेंडिंग, सेंडिंग."

स्क्रीनवर ते गोल चाक फिरतंय, फिरतंय. रिंकचं वायफाय बर्फापेक्षा थंड. सहा मिनिटं उरली.

"सई, येत नाहीये. तूच मोठा करून बघ. नॉबवर एक रेघ आहे. तिच्यापासून खाचा मोज."

"ओके. लाइन... वन, टू... डॉट इज ऑन द थर्ड वन."

"नक्की तिसरी? कुठल्या बाजूला?"

"राइट साइड. बाबा, व्हाय आर यू क्राइंग?"

"रडत नाहीये, धावलोय."

मधेच वैशालीने फोन घेतला. "अहो, मी चष्मा लावून बघितलं. तिसरी खाच. उजवीकडे. आता शांत हाताने करा. पुरणयंत्र जोडता ना, तसं."

त्या बाईला मी त्या क्षणी दुसऱ्यांदा वरलं.

स्केट होल्डरमध्ये आवळला. नॉब रेघेवरून उजवीकडे, एक, दोन, तीन. चाक सुरू केलं. पातं चाकाला लागलं आणि ठिणग्यांचा तो ओळखीचा नारिंगी फवारा उडाला तसा हात आपोआप चालू लागला. चोवीस वर्षांची सवय आहे ती, घाबरलेल्या माणसाच्या वरची. एक फेरी, दोन, पाच, आठ. आयुष्यात पहिल्यांदाच मी मुद्दाम चुकीचं काम बिनचूक करत होतो. पट्टी ठेवली. तिरकी. माझ्या मिस्त्रींनी पाहिलं असतं तर कानाखाली दिली असती. तेवढ्यात फोटोही आला: तिसरी खाच, उजवीकडे.

मारेक बाकावर तसाच बसला होता, एका पायात रोजचा बूट. मी गुडघ्यावर बसून त्याला स्केट चढवला, नाडी आवळली. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "सरळ आहे?"

"वाकडी आहे," मी म्हणालो. "तुझ्यासारखी."

पहिल्या दोन मिनिटांत तो वळलाच नाही. माझा जीव दाराच्या कडीत अडकलेला. मग चकती डाव्या कोपऱ्यात गेली, त्याला वळणं भाग होतं. तो वळला. बर्फावर 'कर्रर्र' असा आवाज आला. कडा धरल्याचा आवाज! सगळ्या गोंगाटात मला तेवढाच ऐकू आला. मी शेजारच्या राखीव गोलकीपरच्या हेल्मेटवर एवढ्या जोरात थाप मारली की त्याने वळून "सॉरी" म्हटलं.

त्यानंतर मारेक असा खेळला, असा खेळला! दुसऱ्या डावात आमचे दोन गोल झाले. दोन-दोन. तिसऱ्या डावात पायलटने लांबून एक मारला, तीन-दोन. आणि शेवटचं दीड मिनिट उरलेलं असताना चकती पुन्हा त्या नऊ नंबरकडे गेली. समोर एकटा मारेक, मागे गोलकीपर. नऊ सुसाट. मारेक उलटा. वर सगळे उभे. नऊने तीच बगल दिली, डावीकडून, जी दोनदा चालली होती. मारेक डाव्या पायावर गर्रकन फिरला, पाय बर्फाला खिळल्यासारखा, काठी आडवी टाकली आणि चकती अलगद काढून घेऊन भिंतीकडे भिरकावून दिली. नऊ रिकाम्या हाताने पुढे निघून गेला, दोन पावलांनी त्याला कळलं.

बोर्डावर काही उमटलं नाही. भोंगाही वाजला नाही. मी मात्र दार सोडून नाचत होतो. आमच्या घरात आजही माझ्या नाचाचा व्हिडिओ दाखवतात. तो पायलटच्या बायकोने काढला आणि सईपर्यंत पोचवला. त्यात मी गरम तव्यावर उभा राहिल्यासारखा दिसतो.

मॅच संपल्यावर कोच माझ्याकडे आला. ठिपका, पूजा, फोटो, सगळी हकिकत मी एका दमात सांगून टाकली आणि प्रोबेशनचा विचार करत उभा राहिलो.

"दोन गोष्टी," तो म्हणाला. "पुढच्या वेळी दुसऱ्या गोलच्या आधी सांग. आणि ती पूजा की काय ते, त्याआधी फोटो काढत जा." एवढं बोलून गेला. मारेकच्या कॉन्ट्रॅक्टवर त्याने सोमवारी सही केली.

खोली रिकामी झाल्यावर मारेक डावा स्केट घेऊन माझ्या धाराखोलीत आला. "दाखव." मी बूट उलटा केला, पट्टी ठेवली. त्याने बराच वेळ त्या तिरक्या पट्टीकडे पाहिलं.

"किती वर्षं?"

"मला माहीत नाही. कुया सांगेल."

कुयाचा व्हिडिओ कॉल चार दिवसांनी आला. आई सावरली होती. पण त्याने परत न यायचं ठरवलं होतं. मारेक शेजारीच होता. कुया आधी लाजला, मग म्हणाला, "तू आलास त्या वर्षीपासून. तुझा घोटा मोडला होता ना आधी? तो जुळला, पण जरा आत जुळला. तुझं पातं एकाच बाजूने झिजायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू पायाकडे बघत खेळला असतास. तुला चकतीकडे बघायचं असतं."

मला एक गोष्ट टोचत राहिली, आणि आजही टोचते. कुयाने सहा वर्षं जे गुपित जपलं, ते मी आठ मिनिटांत चार भिंतींवर आपटून फोडलं. आता मारेकला माहीत होतं की आपला पाय वाकडा आहे. मला भीती होती की तो आता सतत पायाकडेच बघेल.

त्याने त्यावर स्वतःच तोड काढली. पुढच्या मॅचच्या आधी स्केट्स घेताना गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सरळ आहे ना?" मी त्याच्याकडे पाहिलं. तोही माझ्याकडे. "एकदम सरळ," मी म्हणालो. मग पुढची तीन वर्षं, प्रत्येक मॅचला, हाच प्रश्न आणि हेच उत्तर. नॉबवर तिसऱ्या खाचेपाशी नवा ठिपका लावला. रंग वैशालीने निवडला. दर खंडेनवमीला ती होल्डर पुसते, ठिपक्याभोवतीनं, आणि त्यावर कुंकवाचं बोट टेकवते. "हा पण देवच," म्हणते. मी वाद घालत नाही.

चाळिसाव्या वर्षी मारेक थांबला. आता तो आमच्याच रिंकवर लहान मुलांना शिकवतो. शेवटच्या मॅचनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्केट्स घेऊन आला.

"डावी सरळ कर."

"का?"

"खरी सरळ. एकदा बघायचंय, मी एकटा कसा आहे ते. कुया नाही, तू नाही."

मी खूप समजावलं. ऐकेना. पाच मिनिटांचं काम. मी अर्धा तास लावला. नॉब रेघेवर आणला, पट्टी सपाट बसली. ज्या सरळपणासाठी मी आयुष्य घातलं तो माझ्या हातात होता, आणि मला तो अजिबात नको होता.

रिकाम्या रिंकवर मारेक उतरला. एक फेरी, दोन. मग वेग घेतला, पाठमोरा झाला, आणि नसलेल्या नऊ नंबरसमोर डाव्या पायावर वळला.

धाडकन!

मी कठड्यावरून ओरडलो. तो बर्फावर उताणा पडला होता आणि हलत होता. धावत जाऊन बघतो तर हसतोय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. उठला, पुन्हा वळला, पुन्हा आपटला, पुन्हा हसला. तिसऱ्यांदा पडल्यावर तो सरकत सरकत कठड्यापाशी आला, बसल्याबसल्याच डावा बूट काढला आणि माझ्या हातात दिला.

"आता वाकडी कर," म्हणाला. "चार वाजता मुलं येतात."

मी आत गेलो आणि नॉब ठिपक्यावर आणला.